पाचवं आवर्तन

एकोणीसशे त्र्याहत्तरचा नोव्हेंबर, अ‍ॅक्रन, ओहायो.
दातांच्या दवाखान्याखालचं तळघर
आणि आम्ही तिघं टायरच्या कारखान्यातून थेट आलेले,
अंगाला रबराचा वास, साबणाला न बधणारा.
बॉयलर घुमायचा, टेपवर यायचा,
म्हणून रखवालदाराच्या हातावर दोन डॉलर ठेवून
तो बंद करवला.
मग भिंतींतून जो गारठा उतरला,
ऑर्व्हिल पेटवेनं हातमोज्यांची बोटं कातरली
आणि बसला.

त्याचा इलेक्ट्रिक पियानो चर्चनं मोडीत काढलेला.
कोमल गांधाराची सळई त्यानं स्वतः कानशीनं घासली होती,
जरा जास्तच घासली गेली.
तेव्हापासून तो गांधार हवा त्याहून कोमल,
दारात उभं राहून
आत यावं की नाही ठरवणाऱ्या पाहुण्यासारखा.

बोटं बधिर होती, म्हणून सूर कमी वाजवले.
एवढंच.
जिथं सात बसले असते तिथं दोन.
मधली जागा डेलबर्टच्या ड्रमला, माझ्या बेसला,
उरलेली आमच्या तोंडातल्या वाफेला.

तीनशे प्रती. आवरणावर त्याचं आडनाव चुकलेलं.
रेकॉर्डचं नाव म्हणजे त्याच्या आईचा पत्ता,
‘४१८, हॅल्डेन स्ट्रीट’,
कारण छापखानेवाला फोनवर ताटकळला होता
आणि दुसरं काही सुचेना.
नव्वद न्हाव्याच्या दुकानात खपल्या,
चाळीस आम्ही वाटल्या,
बाकीच्या त्याच पत्त्यावर, पाईप फुटून, भिजल्या.
दुसरी रेकॉर्ड झालीच नाही.
कारखाने गेले. डेलबर्ट गेला.
ऑर्व्हिल एका साध्या बुधवारी;
पेपरात दोन ओळी: निवृत्त यंत्रदुरुस्ती कामगार.

मग ओसाकातल्या कुण्या पोरानं
ओल धरलेली एक प्रत आठ डॉलरला घेतली,
दुसऱ्या बाजूवरची चार आवर्तनं कापली,
टोकाला टोक शिवून गोल फिरवली.
त्यावर ब्रिस्टलची एक मुलगी बोलली, भरभर, रागानं.
तिच्यावरून आणखी सतरा जण.
मग बुटांची जाहिरात.
बोस्टनहून एक प्राध्यापक आला,
विचारतो, ही रिकामी जागा सोडण्याची दृष्टी कुठून आली?
म्हटलं, गारठा होता.
त्यानं लिहून घेतलं: ‘संयम’.
ऑर्व्हिलच्या नोरीनला एकदा चेक आला, एकशे बारा डॉलरचा.
तिनं गाडीला एक टायर घेतला.
परदेशी बनावटीचा.

पण जगभर फिरतात ती चारच.
पाचव्यात रखवालदारानं बॉयलर पुन्हा लावला,
दोन डॉलर संपले होते.
ती घुमघुम सरळ माईकमध्ये.
ऑर्व्हिल थांबला नाही.
मान तिरकी करून ऐकलं
आणि डावा हात अर्ध्या सुरानं वर सरकवत
बॉयलरच्या षड्जावर नेऊन टेकवला, हसत.
ते हसू टेपवर आहे.
आम्ही दोघं त्याच्यामागे,
दिवा गेल्यावर जिना चढतात तसे,
पाय आधी, खात्री नंतर.
हे कुणी कापून नेलं नाही.
याला शिवायला काठच नाहीत.

मी आता शाळेची बस चालवतो.
आज लाल सिग्नलला, मागच्या बाकावर,
डेझरेच्या हेडफोनमधून ते गळत होतं.
एक, दोन, तीन, चार,
स्टिअरिंगवर माझा अंगठा पाचव्यासाठी उचलला जातो,
दर वेळी,
आणि पहिलंच परत येतं.

थंडी होती. हीटर लावला.
तो घुमू लागला, जरा वरच्या पट्टीत.
मी हळूच अर्धा सूर वर गेलो.
डेझरे म्हणाली, तुम्ही बेसूर गाताय.
म्हटलं, हो.
हिरवा लागला होता केव्हाचा.